मामाजींचा आवाज आणि चौदा व्होल्ट

बोरकुटे सरांच्या हातून त्या दिवाळीत जे काही झालं, त्यामागचा हेतू चांगला होता, एवढं तरी मान्य करावंच लागेल. त्यांनी नुकतीच बल्लारपूरच्या एका ठेकेदाराकडून जुनी मारुती घेतली होती, आणि ठेकेदाराने हौसेने डिक्कीत बसवलेला काळा अॅम्प्लिफायर गाडीबरोबर तसाच आला होता. सासरे दिवाळीला घरी आले होते. त्यांच्या पिशवीत त्यांच्या दंडारीची, म्हणजे तिकडच्या गाण्या-नाचाच्या लोकनाट्याची, जुनी कॅसेट होती. सोमाजी निकुरे म्हणजे एकेकाळी वैनगंगेच्या दोन्ही काठांना माहीत असलेला गडी. त्यांनी उंच तान घेतली की मंडईतली, म्हणजे दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या जत्रेतली, माणसं पान चावायची थांबत, असं सांगणारे अजून जिवंत होते. एवढं सगळं जुळून आल्यावर कोणत्याही जावयाने जे केलं असतं तेच सरांनी केलं. सासऱ्यांना पुढच्या सीटवर बसवलं, कॅसेट टाकली आणि आवाज वाढवला.

गाडीतून जे निघालं ते पत्र्यावर गिट्टी ओतल्यासारखं होतं.

सोमाजींनी दोन मिनिटं ऐकलं. मग टेपकडे बोट दाखवून विचारलं, "हा मी आहो?"

"तुम्हीच, मामाजी. पण हे जरा..."

"असा होता माहा आवाज? मंग लोकं कायले बसत होते जी आयकत?"

ते उतरून घरात गेले. त्या दिवसापासून न्हाणीतून येणारं त्यांचं गुणगुणणं बंद झालं, जेवताना दुसरी भाकरी बंद झाली, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की येत्या रविवारी त्यांच्या कळमटोल्याच्या मंडईत गावच्या पोरांनी त्यांचा सत्कार ठेवला आहे, त्याला ते जाणार नाहीत. सत्कारातला मुख्य कार्यक्रम असा होता की सरांची गाडी मंडपाला लावायची, डिक्की उघडायची आणि सोमाजींची तान गावाला पुन्हा ऐकवायची. कार्डावर तसं छापूनही झालं होतं.

"लोकायच्या कानात माहा जुना आवाज आहे," सोमाजी म्हणाले. "तोच राहू द्या. कायले फजिती करता?"

कमळाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "इतके वर्स माह्या बापाले कोणी नाव नाई ठेवलं. तुमच्या डब्यानं ठेवलं. रविवारच्या आत नीट करा, नाई तं तो डबा मी भंगारवाल्याले देऊन टाकतो."

आता बोरकुटे सर हे काही साधे गृहस्थ नव्हते. ते कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. अख्खी चामोर्शी त्यांना मास्तर म्हणत असे, ही गोष्ट वेगळी, आणि तिच्याबद्दल ते कोणाशी बोलत नसत, फक्त ऐकू आलं की त्यांची मान थोडी ताठ होई. दोष कुठे आहे हे त्यांना डिक्की उघडताक्षणी कळलं. अॅम्प्लिफायरच्या बाजूला एक बारीक स्क्रू होता, त्यावर गेन असं लिहिलं होतं, आणि ठेकेदाराने तो फिरेल तितका फिरवून ठेवला होता.

"गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे," ते ओसरीत उभे राहून कमळाबाईंना समजावू लागले. "टेपमधून येणारा आवाज आणि या डब्याची ताकद यांचं माप जुळवायचा तो स्क्रू आहे. गरजेपेक्षा जास्त फिरवला की आवाजाच्या लाटेची वरची टोकं कापली जातात. म्हणून खरखर येते."

"मंग कापू नोका," कमळाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

हे संभाषण शेजारच्या गुणाबाईंनी कुंपणावरून ऐकलं. गुणाबाईंना लोकांच्या घरातलं काहीही अर्धवट राहिलेलं बघवत नाही. सरांनी टेस्टरने स्क्रू उलटा फिरवून कमीवर आणलेला बघून त्या कळवळल्या. "मास्तर, अर्ध्यावर काऊन ठेवता? जेठ महिन्यात पाव्हणा आला तं पंखा एकवर ठेवता का?"

इथेच सगळ्या प्रकरणाचं मूळ आहे. या भागात उन्हाळा असा पडतो की पंख्याचं बटण पाचच्या खाली ठेवणं हा पाहुण्याचा अपमान समजतात. त्यामुळे बटण म्हणून जे काही आहे ते पूर्ण फिरवायचं, हा संस्कार अंगात मुरलेला असतो. कूलर पूर्ण, शेगडी पूर्ण, रेडिओ पूर्ण. सर पाणी प्यायला आत गेले आणि परत आले, तोवर गुणाबाईंनी शेजारधर्म म्हणून स्क्रू शेवटपर्यंत फिरवून दिला होता.

सरांनी ठरवलं की हे काम अंदाजाने करायचं नाही. शास्त्राने करायचं. डब्यावर पन्नास वॅट लिहिलं होतं, स्पीकरवर चार ओहम. पन्नास गुणिले चार, दोनशे. दोनशेचं वर्गमूळ, चौदा पूर्णांक चौदा. म्हणजे टेप पाऊण आवाजावर ठेवून एकसुरी आवाज वाजवायचा, डब्याच्या बाहेरच्या टोकांना मीटर लावायचं, आणि काटा चौदा व्होल्टवर येईपर्यंतच स्क्रू फिरवायचा. सोळा वर्षं हे सूत्र त्यांनी फळ्यावर लिहिलं होतं, पण प्रत्यक्ष कामाला ते पहिल्यांदाच येत होतं. हिशेब वहीत मांडल्यावर सरांना इतकं बरं वाटलं की जणू काम झालंच.

एकसुरी आवाज मिळाला तो नूर मोहम्मद यांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात. रेडिओ जुळवायच्या त्यांच्या यंत्रातून 'ऊंऽऽ' असा एकच सूर निघे. नूरभाईंनी तो अर्धा तास कॅसेटवर उतरवून दिला आणि जाताना म्हणाले, "सर, स्पीकरच्या वायरी काढूनच लावा हं. नाई तं मोहल्ला उठून येईल."

कॉलेज सोडलं तर नूरभाई हे गावातले एकमेव गृहस्थ होते जे त्यांना सर म्हणत. पण चौथी शिकलेल्या माणसाने भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाला वायरी काढायला सांगावं, हे सरांना जरा लागलंच. "बघतो," ते म्हणाले.

राहिलं मीटर. ते कॉलेजच्या प्रयोगशाळेत होतं आणि ते घरी न्यायचं तर अर्ज करावा लागे. अर्जात एक रकाना होता, वस्तू नेण्याचे कारण. खरं कारण सासऱ्याचा आवाज मोजणे हे होतं, पण ते लिहायला सरांचा हात धजेना. शेवटी त्यांनी लिहिलं, विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकासाठी.

प्राचार्यांनी अर्ज वाचला आणि फार आनंदित झाले. "उत्तम! विद्यार्थी वर्गाबाहेर गेलेच पाहिजेत. शनिवारी सकाळी बारावीची एक तुकडी घेऊन जा."

"सर, तुकडीची तशी गरज..."

"अहवालही लिहा. दोन प्रतींत."

शिवाय जडसंग्रह नोंदवहीत नोंद असलेली वस्तू इमारतीबाहेर जाणार असेल तर तिच्याबरोबर परिचर गेला पाहिजे, असा नियम निघाला. परिचर म्हणजे मुखरू. मुखरूचा त्या मीटरवर पोटच्या पोरासारखा जीव होता. "मीटर माह्या सहीवर आहे सर," तो म्हणाला. "कोणाच्या हाती देणार नाई. तुमी सांगा, मी लावतो."

अशा रीतीने शनिवारी सकाळी, म्हणजे मंडईच्या आदल्या दिवशी, सरांच्या दारात एक गाडी, बावीस विद्यार्थी, मांडीवर मीटर घेऊन बसलेला मुखरू, आणि तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा घोळवत उभ्या गुणाबाई असा सरंजाम जमला. सोमाजी खिडकीच्या पडद्याआड होते. ते बघत नाहीत असं ते सगळ्यांना सांगत होते.

सरांनी आधी दहा मिनिटं व्याख्यान दिलं. मग टेपचा आवाज पाऊण केला आणि कॅसेट सुरू केली.

वायरी काढल्या नव्हत्या.

'ऊंऽऽ' असा जो सूर निघाला तो थेट बसस्थानकापर्यंत गेला. गल्लीतली कुत्री एका दमात रडायला लागली. गुणाबाईंच्या म्हशीने दावं तोडलं. वाघ आला म्हणून वनखात्याने भोंगा वाजवला, असं कोणीतरी पलीकडच्या गल्लीत सांगितलं आणि तिथल्या बायांनी लेकरं आत ओढून दारं लावून घेतली. सर टेप बंद करायला धावले तर दार आतून लॉक झालं होतं आणि चावी आतच लटकत होती. काच बाहेरूनच खाली ओढून हात घालेपर्यंत चार मिनिटं गेली. त्या चार मिनिटांत गावाने मास्तरांबद्दल जे मत बनवलं ते पुढे बरीच वर्षं टिकलं.

"सर," एका विद्यार्थिनीने शांतपणे विचारलं, "हे परीक्षेला आहे का?"

सरांनी निमूटपणे स्पीकरच्या वायरी काढल्या. मुखरूने मीटरचे दोन चिमटे डब्याच्या टोकांना लावले. सूर पुन्हा सुरू झाला, या वेळी कोणालाही ऐकू न येणारा. सर स्क्रू हळूहळू फिरवू लागले. काटा आठवर आला, नऊवर, अकरावर, आणि तिथे जो रुसून बसला तो हलेना.

"गणित चुकलं जनू," मुखरू म्हणाला.

"गणित चुकत नसतं!" सर ओरडले. मग त्यांच्या लक्षात आलं की गाडीचं इंजिन बंद आहे आणि या सगळ्या गोंधळात बॅटरी बसत चालली आहे. इंजिन सुरू करायला गेले तर ते सुरू होईना. बावीस विद्यार्थ्यांनी इतका वेळ काहीच करायला मिळालं नव्हतं म्हणून जो जोर राखून ठेवला होता तो सगळा एकदम लावून गाडी ढकलली. गाडी निघाली. मुखरूच्या हातातलं मीटर चिमट्यांनी गाडीला जोडलेलंच होतं आणि ते सोडायला तो तयार नव्हता. गाडी पुढे, उघड्या डिक्कीमागे मीटर छातीशी धरून पळणारा मुखरू, त्याच्यामागे बारावी विज्ञान, आणि सगळ्यांच्या मागे मोकळी म्हैस, अशी वरात गल्लीला वळसा घालून आली. पण इंजिन लागलं.

आणि इंजिन चालू असताना, सकाळी साडेअकराच्या सुमारास, काटा चौदावर येऊन थांबला. चौदा आणि वर जरासं.

"चौदा!" मुखरू घामाघूम होऊन म्हणाला. "सोता पाह्यलं मी!"

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं असं कमळाबाई नंतर सांगत. सर म्हणत की धूर होता. ते हात धुऊन बाहेर आले तर गुणाबाईंचा हात डिक्कीत होता. "मास्तर, अजून जागा होती ना जी! पाहा, काटा कसा टोकाले गेला!" सरांनी त्यांचा हात डिक्कीतून बाहेर काढला. त्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं, चौदा आणले, वायरी जोडल्या, डिक्कीला कुलूप लावलं आणि चावी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली.

रविवारी सोमाजी गाडीत बसायला तयार झाले ते एका अटीवर. गावात शिरण्याआधी कॅसेट त्यांना एकट्यांना ऐकवायची. नीट वाटलं तर मंडईत जायचं, नाहीतर तिथूनच परत. कळमटोल्याच्या तलावाच्या पाळीवर सरांनी गाडी थांबवली. कमळाबाई आणि मागे बसलेल्या गुणाबाई शिंगाडे घ्यायला उतरल्या. सरांनी काचा वर केल्या आणि टेप लावला.

खरखर गेली होती. तुणतुण्याचा ठोका न् ठोका वेगळा ऐकू येत होता. आणि मामाजींचा आवाज! तो घोगरा नव्हताच. गोड होता, जरा सैल, पण गोड. सोमाजींनी डोळे मिटले. त्यांचं गुडघ्यावरचं बोट ताल धरू लागलं. सरांना इतका आनंद झाला की नूरभाईंचाही त्यांना क्षणभर राग येईना.

मग ती तान आली. वर गेली, आणखी वर गेली, जिथे माणसाचा गळा संपावा तिथून पुढे गेली. आणि ती वर असतानाच कोणीतरी दोनदा खोकलं.

खोकला मामाजींचा होता. दिवाळीपासून रोज सकाळी सर तो ऐकत होते. एकाच गळ्यातून तान आणि खोकला एका वेळी निघत नाहीत, हे समजायला भौतिकशास्त्र लागत नाही. सरांनी सासऱ्यांकडे पाहिलं. सोमाजींनी हात पुढे करून टेप स्वतःच बंद केला.

"चैतू," ते म्हणाले. "माह्या मागं तुणतुणं वाजवे. माहा आवाज वर पोचेच ना. तान तो मागून घे, मी फकस्त तोंड उघडं ठेवो. त्याले समोर याची लाज, मले मागं राहाची लाज. जमून गेलं."

"कोणाला माहीत आहे?"

"चैतूले अन मले. आता तुमाले." ते पुढच्या काचेतून तलावाकडे बघत राहिले. "जावईबापू, कॅसेट नोको लावा म्हटलं तं पोट्टे आयकणार नाई. पयलेसारखं खरखरीत होईन का जी ते?"

सरांनी काय काय केलं होतं ते एकदम त्यांच्यासमोर उभं राहिलं. अर्ज, अहवाल, बावीस विद्यार्थी, म्हैस, चौदा पूर्णांक चौदा. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एखादं सूत्र फळ्यावरून उतरवून खरं करून दाखवलं होतं, आणि ते दाखवायचं होतं आजच, गावासमोर. त्यांना मनापासून चीड आली. कोणाची, ते त्यांना सांगता आलं नसतं. ते उतरले, डिक्की उघडली, आणि स्वतःच्या हाताने स्क्रू फिरेल तितका फिरवला.

मंडपात शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली. मग पोरांनी डिक्की उघडली आणि टेप लावला. पत्र्यावर पुन्हा गिट्टी पडली. लोक एकमेकांकडे बघू लागले. एक म्हातारा म्हणाला, "हा सोमाजी आहे?" शाल पांघरलेले सोमाजी खाली मान घालून बसले होते.

सरांनी माइक घेतला. "मंडळी," ते म्हणाले, "हा आवाज मामाजींचा नाही, माझ्या मशीनचा आहे. मशीन बिघडली आहे. मी आठ दिवस दुरुस्त करत होतो, पण मला जमलं नाही."

"कसं नाई जमलं!" मागून मुखरू उठला. त्याची सासुरवाडी याच गावची, हे सरांना माहीत नव्हतं. "चौदा बराबर होते! मीटर माह्या हाती होतं! मी गाडीमागं धावलो ना जी सर!"

"मुखरू, खाली बस."

"पण सर, चौदा..."

"मला येत नाही रे ते काम!" सर माइकमध्येच ओरडले. "मी मास्तर आहे, मेकॅनिक नाही!"

लोक हसले. गुणाबाई शेजारणीला म्हणाल्या की आपण तं पयल्याच दिवशी सांगतलं होतं. मुखरूने सरांकडे असं पाहिलं की पुढचे दोन महिने प्रयोगशाळेत सरांना चहा मिळाला नाही. मग मंडपाच्या कडेचा एक वाळकासा म्हातारा उभा राहिला. त्याला बोलायची सवय नसावी, कारण तो खांबाला धरून बोलत होता. "मशीनले काय समजते जी? मी मागं उभा राहो. मले मालूम आहे. आमचा सोमाजी लय गोड गाये."

टाळ्या पडल्या. सोमाजींनी मान वर केली ती तेव्हा.

पांगापांग झाल्यावर सर गाडीत एकटे बसून शिंगाडे सोलत होते आणि आपण प्राध्यापक झालोच कशाला याचा विचार करत होते. तेवढ्यात सोमाजी त्या म्हाताऱ्याला दंडाला धरून घेऊन आले.

"जावईबापू, हा चैतू. आता नीट लावा ते."

"काय?"

"यानं सोताचा आवाज कदी आयकलाच नाई. कॅसेट माह्याच घरी राह्यली. आयकवाचं आहे याले."

सरांनी कपाळाला हात लावला. मीटर कॉलेजच्या कपाटात, कपाटाची चावी मुखरूकडे, आणि मुखरू रागावून जेवायला गेलेला. स्क्रूवर चौदाची खूण करून ठेवावी, एवढी साधी गोष्टही त्यांना सुचली नव्हती. "मामाजी, ते असं कधीही होत नसतं! त्याला माप लागतं, अर्ज लागतो, प्राचार्यांची सही..."

चैतू संकोचून मागे सरला. "राहू द्या जी. कायले तरास."

"बसा," सर खेकसले. "दोघंही बसा आत. काचा लावा."

त्यांनी टेस्टर घेतला आणि डिक्कीत डोकं घातलं. टेप चालू ठेवून स्क्रू उलटा फिरवत गेले, कान देऊन, खरखर कमी होते का ते बघत. खरखर गेली तिथे थांबले, केसभर आणखी मागे घेतलं. किती व्होल्ट झाले असतील याचा त्यांनी विचारही केला नाही. मग डिक्की लावून ते पुढे येऊन बसले आणि कॅसेट तानेच्या जरा अलीकडे आणली.

चैतू मागच्या सीटवर अंग चोरून बसला होता. तान सुरू झाली तशी त्याची मान हळूहळू वर झाली. तिथवर आपण पोचत होतो, हे त्याला आठवत नसावं. त्याने दोन्ही हातांनी पुढची सीट धरली. सोमाजी त्याच्याकडे वळून बघत होते. तान अगदी टोकाला पोचली, आणि दोनदा खोकला आला.

चैतूचा चेहरा लालबुंद झाला. "सोम्या!" तो ओरडला. "तवाच सांगतलं होतं ना बे तुले, मी वर गेलो का खोकू नोको म्हून!"

"बिडीचा धूर गेल्ता रे," सोमाजी म्हणाले.

"तुह्या बिडीनं नास केला ना इतक्या चांगल्या गाण्याचा! मास्तर, मागं घ्या जी ते. खोकल्याच्या पयलेपासून लावा."

सरांनी कॅसेट मागे घेतली.